निरुपयोगी, दोन नग

मी आयुष्यात सगळ्यांत जास्त कुणाचं देणं लागतो असं कुणी विचारलं, तर मी जोमा हवालदारांचं नाव घेईन. खरं तर आईवडिलांचं नाव घ्यायला हवं, हे मला कळतं. वडिलांनी माणगावच्या भातगिरणीत पोती वाहून मला बी. एस्सी. केलं. आमच्या घराण्यात पदवीचा पहिला कागद आला तो माझ्या नावाचा. पण त्या कागदावर लागलेली नोकरी टिकली ती जोमा हवालदारांमुळे, आणि त्यांना मी शेवटपर्यंत आवडलो नाही. मलाही ते आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोड शेवटाची कुणी वाट पाहणार नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलमध्ये एक छोटी आरोग्यसंस्था होती. डॉक्टर मालतीबाई ती चालवत. नेऱ्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि डोंगराखालच्या वाड्यांमध्ये क्षयाचे रोगी खूप, आणि ही माणसं एक दिवसाची मजुरी बुडवून पनवेलला तपासणीला येणं शक्य नव्हतं. तेव्हा एक्स-रेचं यंत्रच त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. त्यासाठी संस्थेने लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रेलर घेतला. दोन चाकं, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले, कुणी कधी बनवला ते सांगणारी पट्टी केव्हाच गळून पडलेली. त्याच्यावर पत्र्याची खोली उभारायची, आत यंत्र बसवायचं आणि जीपने ओढत न्यायचं. ट्रेलर तयार करून घेणं हे माझं काम. सहा महिने काम बघून मग कायम करू, अशा बोलीवर मला व्यवस्थापक म्हणून घेतलं होतं. जीप चालवायला हवालदार होते.

जोमा घरत हे रोडपालीचे आगरी. अठरा वर्षं फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बुटके, रुंद, मिशी बारीक कातरलेली, खाकी पँटीची इस्त्री कधी मोडलेली नाही. एका कानाने ऐकू येत नाही असं ते सांगत. माझ्या लक्षात आलं होतं की मी ज्या बाजूला उभा असेन तोच कान बहिरा असतो.

त्यांच्या काही सवयी होत्या. कुणी पाना मागितला तर ते तो हातात देत नसत. जमिनीवर ठेवत. वाकायचं आणि उचलायचा. मालतीबाईंनी मागितला तरच हातात. कोणतीही गाडी दिसली की तिच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा सगळा भार टाकत, मग एकदम हात काढून घेत आणि गाडी किती वेळा खालीवर होते ते मोजत. एकदा वर येऊन गप्प झाली तर पसंतीने मान हलवत. जास्त वेळा उसळली तर मालकाकडे असं बघत, जणू त्याने घरात कुणाला तरी उपाशी ठेवलंय.

आणि कागद. हवालदारांना वाचता येत होतं. मराठीही आणि फौजेत शिकलेली हिंदीही. पण कुणी कागद पुढे केला की ते हात मागे बांधत. म्हणत, "वाचून दाखवा. ज्यानं लिवलं त्यानं वाचायचा." मी महिन्याचा दौऱ्याचा तक्ता लिहायचो आणि मग शाळेतल्या मुलासारखा त्यांच्यापुढे उभा राहून वाचायचो. ते दुसरीकडे बघत ऐकायचे. संपलं की म्हणायचे, "झाला? जावा आता."

मला हा अपमान वाटायचा. मी त्यांचा वरिष्ठ होतो.

ट्रेलर आला त्या आठवड्यात मालतीबाईंनी सांगितलं, ठेवायचं काय आणि टाकायचं काय याची यादी करा. मी आंब्याखाली स्टूल टाकून वही घेऊन बसलो. हवालदार पोत्यावर पाठ टेकून ट्रेलरखाली सरपटले. ते आतून ओरडून सांगत आणि मी लिहीत होतो. स्प्रिंगचे पाटे, आठ पानी, चांगले. आस, सरळ. साखळ्या, दोन. मग ते म्हणाले, "दोन बक्से हायत. लोखंडाचे. येकेकाला हात हाय."

"हात म्हणजे?"

"खाली येऊन बघा ना, सायेब."

मी नवी पँट घातली होती. नोकरी लागली म्हणून वडिलांनी शिवून दिलेली. मी स्टुलावरूनच विचारलं, "तो हात हलतो का?"

"धरलाय. गंज हाय."

"बाकी कशाला जोडलाय?"

"खालची कडी तुटलीय."

"मग लिहितो. लोखंडी पेट्या, दोन नग, निरुपयोगी."

 ट्रेलरखालून आवाज आला, "सायेब, बघून लिवा."

"हवालदार," मी म्हणालो, "तुम्ही गाडी चालवा. लिहायचं काम माझं आहे."

त्यांनी चार बोल्ट सोडवले आणि दोन्ही पेट्या एकामागून एक बाहेर ढकलल्या. दुपारी भंगारवाला मुश्ताक हातगाडी घेऊन आला आणि सगळं घेऊन गेला. हवालदार त्या दिवशी तासभर आधी निघाले. घरी काम हाय, म्हणाले.

पहिलं शिबिर नेऱ्यापुढच्या एका भट्टीवर होतं. सकाळपासून कातकरी बाया-माणसं मातीच्या ढिगाऱ्यापाशी रांगेत बसली होती. भट्टीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागल्याबरोबर ट्रेलर मागे उड्या मारायला लागला. जीपच्या मागच्या काचेतून मला तो दिसत होता. एका खड्ड्यात गेला की चार-पाच वेळा उसळत होता, आणि ती उसळी थांबायच्या आत पुढचा खड्डा. हवालदारांनी वेग अगदी पायी चालल्यासारखा केला, तरी तेच. पोचून यंत्र उघडलं तर आतली काचेची ट्यूब फुटली होती.

रांगेतली एक म्हातारी उठून आली. खोकत खोकत म्हणाली, "आता परत येशील का? भट्टी सपली का आमी जाताव."

मी म्हणालो, "येऊ." हवालदार जवळच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग म्हातारीकडे.

मालतीबाई त्या दिवशी सोबत होत्या. त्यांनी वाकून ट्रेलरच्या खाली बघितलं. "याला शॉक अॅब्सॉर्बर कुठे आहेत?"

मीही पहिल्यांदाच खाली वाकून बघितलं. मोटारींना असतात तशा नळ्या मला कुठेच दिसल्या नाहीत. मी ठामपणे सांगितलं, "लिलावाच्या आधीच कुणी तरी काढून नेले असणार, बाई."

"मग दुसरे शोधा. नवी ट्यूब मी कशीबशी मागवते. पण ही फुटली तर तिसरी येणार नाही. ट्रेलर विकून टाकू. भट्ट्या पावसाच्या आधी बंद होतात, तेवढाच वेळ आहे तुम्हाला." आणि जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या नोकरीचंही तेव्हाच बघू."

इथून माझा शोध सुरू झाला. पनवेलमधले गॅरेजवाले शॉकअप म्हणत. सगळे एकच विचारत, "पीस आणलाय?" जुन्या सुट्या भागांच्या धंद्यात नाव, नंबर, चित्र यांना कुणी विचारत नाही. खराब झालेला भाग हातात घेऊन जायचा. दुकानदार तो हातात फिरवतो, आत जातो आणि तसाच दुसरा घेऊन येतो, किंवा नाही म्हणतो. आणि माझ्याकडे तर पीसच नव्हता. मी चासीची मापं घेऊन एक छान आकृती काढली होती, बाणबीण दाखवून. कळंबोलीला ट्रकवाल्यांकडे ती दाखवली. एकाने ती उलटी धरून बघितली आणि आपल्या माणसाला हाक मारली, "ये रे, बघ, साहेबांनी चित्र काढलंय." पुण्याला गेलो. तिथे एक जण म्हणाला, जीपचे लावा. लावून बघितले, तर लांबी जुळेना. दुसरा म्हणाला, ट्रकचे लावा. ते इतके कडक की रिकामा ट्रेलर सशासारख्या उड्या मारायला लागला.

सगळीकडे जीप हवालदार चालवत होते. सकाळी विचारत, "आज कुटं? पुन्याला? चला. रस्ता काय आपल्या बापाचाच हाय." मी दुकानात शिरलो की ते जीपमध्ये बसून शेंगा खात आणि टरफलं माझ्या सीटवर टाकत. मी परत आलो की ती झटकून बसायचो. एकदा चिडून विचारलं, "हवालदार, तुम्ही फौजेत एवढी वर्षं काढलीत, तुम्हाला काहीच माहीत नाही का?"

"मी गाडी चालवतो, सायेब," ते म्हणाले. "लिवायचा काम तुमचा."

तीन आठवडे गेले. एकेका भट्टीचा धूर बंद व्हायला लागला होता. शेवटी कुर्ल्याला गेलो. तिथे जुन्या लष्करी गाड्यांचे भाग विकणारे एक म्हातारे युसूफभाई होते. गळ्यात चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनीही "पीस?" म्हणून विचारलं, आणि मी माझी आकृती पुढे केली. हसण्याची तयारी ठेवूनच उभा होतो. पण ते हसले नाहीत. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग आसाच्या वर, दोन्ही बाजूंना मी प्रामाणिकपणे काढलेल्या दोन-दोन वर्तुळांवर त्यांनी बोट ठेवलं.

"जनाब, ये चार सूराख़ किसलिए हैं? हवा खाने के लिए?"

"तिथे आधी पेट्या होत्या," मी म्हणालो. "लोखंडाच्या."

"हाथवाली? ऐसे?" त्यांनी कोपरात हात वाकवून वरखाली केला.

"हो."

"तो वही है भाई आपका शॉकअप! पुराना माल है, नली नहीं, बक्सा आता था. अंदर तेल. हाथ धीरे चलता है, गाड़ी को उछलने नहीं देता." त्यांनी चष्मा काढला. "कहाँ है बक्सा?"

"भंगारात दिला."

युसूफभाईंनी आकृतीची घडी घातली आणि मला परत दिली. "तो अब इसे फ्रेम करा लो," ते म्हणाले.

मी बाहेर बघितलं. हवालदार जीपच्या बॉनेटला टेकून नखं साफ करत होते. त्यांचा तो बहिरा कान दुकानाकडे होता, आणि त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

परतताना वाशीचा पूल आला. पुलावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोल्लो. बघून लिवा बोल्लो."

"आणि तीन आठवडे मला फिरवलंत?"

"तू फिरलास." त्या दिवशी ते पहिल्यांदा 'सायेब' सोडून 'तू'वर आले. "मी गाडी चालवली."

मी पनवेलला उतरलो तो तडक मुश्ताककडे गेलो. तो म्हणाला, "वो दोनों बक्से? वो तो हवालदार उसी दिन ले गया. तौल के. कांदा लेते हैं वैसे."

 सायकल काढली आणि रोडपाली गाठली. हवालदारांचं घर खाडीच्या बाजूला, शेवटचं. ओटीवर ते बसले होते. बस म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या बाहेर आणला, तर त्यांनी तिला म्हटलं, "ऱ्हाव दे. तो बसायला नाय आला." ती तांब्या घेऊन परत आत गेली. मी अंगणात उभा.

मग ते आत जाऊन गोणपाटात गुंडाळलेल्या दोन्ही पेट्या घेऊन आले. मी ओळखल्या नसत्या. गंज घासून काढला होता, तुटलेल्या कड्यांच्या जागी नव्या घडवून लावल्या होत्या. त्यांनी एक पेटी माझ्या पायाशी, जमिनीवर ठेवली. "हलव."

मी वाकून तो हात ओढला. तो आला, पण सावकाश. कितीही जोर केला तरी आपल्याच चालीने. सोडला तर तसाच सावकाश परत गेला. याचं समीकरण मी कॉलेजात सोडवलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. परीक्षेतल्या आकृतीत अशी पेटी नव्हती, एवढंच.

हवालदारांनी खाडीकडे हात केला. आता तिथे भराव टाकून रस्त्याची आखणी झाली होती, चुन्याच्या रेघा दिसत होत्या. "तिकडं आमचा मिठागर व्हता. नव्या शहराची मोजनी आली तवा तुज्यासारखा येक पोरगा आला जीपमधनं. चिखल व्हता, म्हनून उतरला नाय. जीपमधनंच लिवलान, पड, निरुपयोगी. मी बोल्लो, सायेब, वाचून दाखव काय लिवलंस. तर हसला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या मिठावर माजी बहीन उजवली, मी शिकलो. निरुपयोगी."

त्यांनी पायाने पेटी माझ्याकडे सरकवली.

"आता वहीतला त्यो शब्द खोड. खरा काय ते लिव. आनि डाक्तरबाईसमोर वाच."

"हवालदार," मी म्हणालो, "नोकरी जाईल माझी. वडिलांनी आता गिरणी सोडलीय, घरी मी एकटा कमावणारा आहे."

"माजा मिठागर गेला."

 शेवटी त्यांनी पेट्या पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या आणि म्हणाले, "उद्या मी बसवतो. ती म्हातारी बोल्लीय, परत येशील का, तिच्यासाठी. तुज्यासाठी नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पेट्या स्वतः बसवल्या. मला हात लावू दिला नाही. मग ट्रेलरच्या कोपऱ्यावर तळवे ठेवून भार टाकला आणि सोडला. ट्रेलर एकदा वर आला आणि थांबला. मालतीबाई बाहेर आल्या, त्यांनीही दाबून बघितलं आणि खूश होऊन मला विचारलं, "अरे वा! कुठे मिळाले शेवटी?"

मी काही ठरवून गेलो नव्हतो. पण तोंडातून निघालं, "कुर्ल्याला, बाई."

हवालदार चिंधीने हात पुसत होते. हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी वाट बघत राहिलो. ते बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. त्यांनी चिंधी झटकली, खिशात कोंबली आणि पाठ फिरवली.

भट्ट्या बंद व्हायच्या आत सगळी शिबिरं झाली. ट्यूब फुटली नाही. ती म्हातारी पहिल्याच दिवशी आली. तिच्या फुप्फुसावर डाग निघाला आणि तिची औषधं सुरू झाली. सहा महिने भरल्यावर मालतीबाईंनी मला कायम केलं. पत्रात लिहिलं, 'अत्यंत चिकाटीने दुर्मिळ सुटे भाग मिळवून प्रकल्प वाचवला.' आज मी जिथे आहे तिथपर्यंत त्या वाक्याने मला आणलं. मुलाखतीत दोन ठिकाणी ते मोठ्याने वाचलं गेलं.

हवालदारांनी त्यानंतर मला कधी 'सायेब' म्हटलं नाही, नावानेही हाक मारली नाही. "ओ कुर्ला, चावी कुटं हाय?" "कुर्ला, वाच तुजा तक्ता." संस्थेतल्या सगळ्यांना वाटलं, कौतुकाने म्हणतात. हळूहळू तेही म्हणायला लागले. मालतीबाईसुद्धा हसून म्हणत, "आमचे कुर्ला आले." तीन वर्षं मी ते नाव ऐकलं. प्रत्येक वेळी हवालदार माझ्या तोंडाकडे बघत. त्यांना उत्तर नको असायचं, मला ऐकू गेलंय एवढं बघायचं असायचं. मी त्यांचा मनापासून द्वेष करत होतो. एकदा मी त्यांना म्हणालोही, "सांगून टाका ना एकदाचं त्यांना."

"मी कशाला सांगू?" ते म्हणाले. "ज्यानं लिवलं त्यानं वाचायचा."

नवी नोकरी लागून मी निघालो त्या दिवशी संस्थेत छोटा निरोप झाला, पेढे वाटले. हवालदार आत आले नाहीत. मी पेढा घेऊन बाहेर गेलो. ते ट्रेलरपाशी पाठमोरे होते. मी पेढा पुढे केला. त्यांनी हात मागे बांधले. मी तो जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि निघालो. फाटकातून मागे वळून बघितलं, तर त्यांनी ट्रेलरच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवले होते. दाबलं, सोडलं. ट्रेलर एकदा वर आला आणि थांबला. पेढा तिथेच होता. ते शेवटचं दिसणं.

यालाही आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या एका मुलाने भंगाराची यादी सहीसाठी आणली. मी यादी घेऊन यार्डात गेलो, एका जुन्या पंपाखाली आडवा झालो. मुलगा म्हणाला, "साहेब, कपडे खराब होतील. मी बघूनच लिहिलंय." मी त्याला म्हटलं, "मग खाली ये आणि वाचून दाखव." बोललो आणि हा आवाज कुणाचा ते माझं मलाच कळलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी पत्र लिहिलं. ते असं:

ती. जोमा हवालदार यांस, सा. न. वि. वि.

संस्थेच्या ट्रेलरच्या यादीत मी 'लोखंडी पेट्या, दोन नग, निरुपयोगी' असं लिहिलं होतं. ते मी न बघता, स्टुलावर बसून लिहिलं. त्या पेट्या म्हणजे त्या ट्रेलरचे शॉक अॅब्सॉर्बर होते. ते कुर्ल्याला मिळाले नाहीत. तुम्ही ते भंगारातून स्वतः विकत आणले, दुरुस्त केले आणि बसवले. मी डॉक्टर मालतीबाईंशी खोटं बोललो आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. या पत्राची नक्कल त्यांना आजच पाठवली आहे आणि वहीत दुरुस्ती करावी अशी विनंती केली आहे.

तुम्ही मला तीन आठवडे फिरवलंत, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहितो.

तुमच्या मिठागराबद्दल ज्याने लिहिलं तो मी नव्हतो. पण मीही खाली उतरलो नव्हतो.

हा कागद तुम्ही हातात घेणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा तो न उघडता तसाच ठेवा, रविवारी येतो, एवढं पाकिटावरच लिहिलं आहे. येत्या रविवारी सकाळी मी रोडपालीला येतो आणि अंगणात उभा राहून वाचतो. बस म्हणायची गरज नाही.

आपला,
कुर्ला